साबणाची वडी आणि लंडनचा ढाबा

अहो, आलात का? कधी आलात? बरं झालं बाई. मागच्या अंगणात नंतर जा हो, काय पळतंय का अंगण! आधी जरा भिंतीकडे सरका. कपडे वाळत घालता घालताच ऐका, म्हणजे पलीकडून कुणी बघितलं तरी वाटेल, आपापली कामं चालली आहेत. तर ऐकलंत का, शेवटी काय झालं ते? त्या डूमचं हो! तुम्ही गेलात चिपळूणला भाचीच्या लग्नाला, आणि नेमका त्याच दिवसांत सगळा तमाशा.

गाडी तुम्हाला माहीतच आहे. पलीकडच्या वहिनींच्या धाकट्यानं आणलेली ती इंटरसेप्टर, साडेसहाशेची, सेकंडहँड. सकाळी सुरू केली की आमच्या मांडणीतल्या वाट्या किणकिणतात. दिसायला चांगली आहे, नाही कोण म्हणतंय, पण पुढे नुसता गोल दिवा. बोडका. तर ह्याच्या मनानं घेतलं की तिला जुन्या ढंगाचं, कॅफे स्टाइल फेअरिंग हवं. म्हणजे दिव्याभोवती बसतं ते नाक, आणि वर बोटभर काच. हा फेअरिंग म्हणतो, नाना पेठेतले स्पेअरपार्टवाले डूम म्हणतात, आणि ह्याची आजी म्हणते टोपडं. मला विचाराल तर आजींचा शब्द सगळ्यात बरोबर.

गुरुवारी वहिनींकडे आमची भिशी होती. बाराजणी, हातात खिचडीच्या बशा, आणि सगळ्या अगदी गप्प, कारण खिचडी खरंच छान झाली होती. दाण्याचं कूट एकदाचं सढळ हातानं घातलेलं, एरवी त्यांच्याकडे... जाऊ दे. तर आतल्या खोलीतून ह्याचा आवाज, फोनवर. “फुल नको रे, घरात कटकट होईल. बिकिनीच बघ. काळी मिळाली तर काळी, नाहीतर पांढरी चालेल. मापं पाठवतो तुला.”

अहो, बाराच्या बारा चमचे जागच्या जागी! कोपऱ्यावरच्या काकूंच्या तोंडातला घास गालातच राहिला. वहिनींचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, आणि मग त्या उठून पंखा वाढवायला गेल्या. पंखा आधीच पाचावर. कुणीतरी सावरून घ्यायचं म्हणून म्हणालं, “यंदा थंडी म्हणावी तशी पडली नाही, नाही का?” मे महिन्यात!

आणि हा बाहेर आला खिचडी मागायला, जसं काही झालंच नाही. आजींनी सरळ विचारलं, “कुणाच्या मापाची रे?” तर म्हणे गाडीच्या. मग मोबाइलवर फोटो काढून दाखवला सगळ्यांना. दिव्यापुरतंच तोकडं असतं म्हणून त्याला बिकिनी फेअरिंग म्हणतात, जगभर तेच नाव. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं १९७३ साली आर नाइन्टी एस म्हणून गाडी काढली, तिला कारखान्यातूनच असं टोपडं घालून पाठवलं होतं. त्याहून मोठं ते हाफ, आणखी मोठं ते डॉल्फिन, आणि अख्खं पुढचं चाक पोटात घेणारं ते डस्टबिन. हो, डस्टबिनच. रेसला वापरायचे म्हणे, पण बाजूनं वारा आला की गाडी शिडासारखी एकीकडे ओढली जायची, म्हणून १९५८ पासून शर्यतीत बंदच केलं. आजी म्हणाल्या, “एका टोकाला बिकिनी, दुसऱ्या टोकाला कचऱ्याचा डबा, मधे मासा. ह्या गोऱ्यांच्यात बारशाला आत्या नसते वाटतं.”

कोपऱ्यावरच्या काकू हसल्या, पण उशिरा हसल्या. त्यांचा हिरमोडच झाला असणार. संध्याकाळपर्यंत चार घरी सांगायची तयारी झाली होती ना त्यांची!

तर काय सांगत होते... हां, कॅफे. आजींना वाटलं कॅफे म्हणजे आपलं गुडलक, बनमस्का वगैरे. तर हा म्हणाला, नाही, लंडनमध्ये एस कॅफे म्हणून आहे, नॉर्थ सर्क्युलर रोडवर. १९३८ साली ट्रकवाल्यांसाठी निघालं, महायुद्धात बाँब पडून गेलं, १९४९ मध्ये पुन्हा बांधलं. मग पन्नास-साठच्या दशकात तिथं मोटरसायकलवाली पोरं जमायला लागली, तीच कॅफे रेसर. ताशी शंभर मैल, म्हणजे आपले एकशे साठ किलोमीटर, गाठले की तो मोठा. तिथल्या पेटीवर गाणं लावायचं, गाडीला किक मारायची, ठरल्या जागेला वळसा घालायचा आणि गाणं संपायच्या आत परत चहाच्या टेबलावर, अशी आख्यायिका सांगतात. हे सगळं तो असं रंगवून सांगत होता, आणि आजी शांतपणे खिचडीतल्या मिरच्या बाजूला काढत होत्या. शेवटी म्हणाल्या, “रस्त्याच्या कडेला, ट्रकवाल्यांसाठी, रात्री-अपरात्री उघडं, आणि उनाड पोरांचा अड्डा. मग ढाबा म्हण की मेल्या!”

अहो, त्याच्याकडे उत्तरच नव्हतं. बिचाऱ्याचं तोंड असं झालं... तेव्हापासून आपल्या गल्लीत त्याला ढाबा रेसर म्हणतात. दूधवालासुद्धा म्हणतो.

पण वहिनींच्या कानात ‘रेसर’ एवढाच शब्द शिरला. त्यांचं सुरू झालं, हा आता शर्यत लावणार, कात्रजच्या घाटात जाणार. भाऊजींचं वेगळंच. ते पेपरची घडी घालून म्हणाले, “कलम ५२.” एवढंच. पुढे बोलेनात. मग रात्री जेवताना उलगडा केला, मोटार वाहन कायद्यातलं ते. कंपनीनं जशी गाडी नोंदवली त्याच्याशी, आरसीतल्या तपशिलाशी, विसंगत असं काही करायचं नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही बजावलंय, आणि दंड एकेका बदलाला पाच हजार. आता हे मला कसं कळलं म्हणता? त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि आमची मोरी समोरासमोर, कान काय कापून ठेवू? शेवटी तह झाला. इंजिनाला हात नाही, चॅसीला हात नाही, गाडीचा रंग तोच. दिवा, इंडिकेटर, पुढची नंबरप्लेट जराही झाकायची नाही. आणि चार बोल्ट सोडले की गाडी मूळची होती तशी झाली पाहिजे. भाऊजींनी हे कागदावर लिहून सही घेतली हो पोराची!

मित्र आले सल्ला द्यायला. एक म्हणाला, ही विकून टाक आणि कॉन्टिनेंटल जीटी घे. तेच ६४८ सीसीचं इंजिन, तीच कंपनी, हँडल आधीच खाली. नाव तर १९६४ पासूनचं, तेव्हा अडीचशेची होती. दुसरा म्हणाला, अरे एवढा खटाटोप कशाला, आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात ट्रायम्फची थ्रक्स्टन ४०० होते, २०२५ च्या ऑगस्टात निघाली, तिला नाक कंपनीनंच बसवलेलं आहे. दोघांचंही बरोबर. पण ह्याचं म्हणणं, तयार आणलं तर त्यात आपलं काय? आजी आतून म्हणाल्या, “बापाचे पैसे.”

मग मोजमापं सुरू झाली. मी तुळशीला पाणी घालत होते... बरं, दोन वेळा घातलं. ह्यानं नव्या पंख्याचं खोकं फाडलं, पुठ्ठ्याचं नाक कापलं, चिकटपट्टीनं दिव्याला लावलं आणि हँडल डावीकडे-उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवून बघत बसला. आणि तिथंच मेख. कॅफेवाल्या गाड्यांचं हँडल खाली, आखूड. स्वार टाकीवर ओणवा होतो आणि काचेवरचा वारा त्याच्या डोक्यावरून जातो. हिचं हँडल रुंद आणि उंच. मोठं नाक लावलं की क्लचची केबल घासते, वळताना अंगठा चेपतो. चॅसीला धरणारं नाक लावावं तर ते वळत नाही, जागच्या जागी राहतं, हँडलला वाव सोडावा लागतो. फोर्कला धरणारं लावावं तर ते हँडलबरोबर वळतं, पण हलकंच हवं, नाहीतर वेगात स्टिअरिंगला ओढ बसते. आणि हा सहा फूट! ताठ बसला तर बोटभर काचेवरून आलेला वारा नेमका हेल्मेटवर आदळायचा. म्हणजे ज्यासाठी काच लावायची तेच उलटं. मी भिंतीवरून म्हटलंसुद्धा, “अरे, मग कशाला?” तर म्हणे, “काकू, दिसतं छान.” काय बोलणार? आपण तरी पैठणीत घाम पुसतच बसतो ना लग्नात.

शेवटी फोर्कला धरणारी छोटी बिकिनीच ठरली. ऑनलाइन मागवली. कुठून ते नाही सांगत, आपल्याला कशाला कुणाशी वाकडं. पार्सल आलं तेव्हा घरात फक्त आजी. कुरिअरवाल्यानं विचारलं, काय आहे आत? आजी ठणकावून म्हणाल्या, “नातवाची बिकिनी.” तो मुलगा सही न घेताच पळाला!

आणि माल काय आला म्हणता? फायबरचा. आतून काथ्यासारखे धागे दिसतायत, बाहेरून पॉलिश, आणि कोपऱ्यात केसाएवढी चीर. भोकं एकीकडे, पट्ट्या दुसरीकडे. ह्याच्या गाडीचा फोर्क ४१ मिलिमीटरचा, क्लँप आले भलत्याच मापाचे, मोठे. मग आपल्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ते घट्ट बसवले. वर वहिनींनी, कशी का असेना, पोराची वस्तू म्हणून ती काच आरशाच्या स्प्रेनं लख्ख पुसली. काच कसली, पॉलिकार्बोनेट ते, त्याला अमोनियाचं वावडं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, एवढंच चालतं. दोन दिवसांत धुरकट! वहिनी रडवेल्या. हा काही बोलला नाही, ते मात्र मला आवडलं. मोठा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. मोठ्याचं तर तुम्हाला माहीतच आहे, सूनबाई माहेरी गेली त्याला आता... ते राहू दे.

तर काय सांगत होते? हां, रविवारी हा खेड शिवापूरपर्यंत जाऊन आला आणि येताना नाक हातात! थरथरून थरथरून ती केसाएवढी चीर पार बोल्टपर्यंत गेली. ओट्यावर तुकडे ठेवून सगळे सुतकात बसल्यासारखे बसलेले. भाऊजींनी तर “पाच हजार वाचले” असंही म्हणून झालं.

आणि तेव्हा, अहो, अण्णा उठले.

आजोबा हो! चौऱ्याऐंशीचे. तुम्ही कधी त्यांना दोन वाक्यं बोलताना ऐकलंत? उभा जन्म एसटीच्या दापोडी वर्कशॉपात पत्रे ठोकण्यात गेला, त्या आवाजानं कान गेले, आणि मग कोण काय बोलतं ते ऐकू येईना म्हणून स्वतःही बोलायचे बंद झाले. ते उठले, तो तुकडा उचलला, बोटाच्या पेरानं टकटक केलं, आणि म्हणाले, “ह्याला कड नाही.”

बस. सगळे बघत राहिले. मग म्हणाले, “बादलीचा काठ बघ. आत तार घालून पत्रा वळवलेला असतो. कड मोकळी सोडली की ती चिरणारच. एसटीचं अंग आम्ही अ‍ॅल्युमिनियमचं करायचो, खड्ड्यातून गेली तरी फाटायची नाही. बोहरी आळीतून दीड मिलिमीटरचा पत्रा आण.”

धाकट्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! म्हणाला, “अण्णा, त्या जुन्या रेसच्या गाड्यांची नाकं अशीच हातानं ठोकलेली असायची, अ‍ॅल्युमिनियमची.” अण्णांना ऐकू आलं नाही. ते हातोडी शोधायला माळ्यावर निघालेसुद्धा होते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, शिडीवर! आजी खाली उभ्या राहून ओरडतायत, “अहो, उतरा!” पण ऐकू येईल तर ना.

आता इथून पुढे माझा संबंध येतो. थोडासाच.

दुसऱ्या दिवशी माझी कपड्यांच्या साबणाची वडी गायब. कोरी हो! मी बाईवर संशय घेतला, तिचं तोंड उतरलं, मला वाईट वाटलं. आणि दुपारी बघते तर पलीकडे अण्णा माझीच वडी पत्र्यावर घासतायत. भिंतीवर ठेवली होती ना मी, ती धाकट्यानं उचलली. मी तणतणत गेले. अण्णांनी हातानं थांबा म्हणून खूण केली आणि गॅसची बत्ती फिरवायला लागले पत्र्यावर. साबणाचा लेप पिवळट झाला, तपकिरी झाला, आणि काळा पडला तशी बत्ती बंद. म्हणाले, “अ‍ॅल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही. कळायच्या आत वितळून हातात येतं. साबण काळा पडला की समजायचं, पत्रा नरम झाला.” आणि गार झाल्यावर खरंच तो पत्रा पापडाच्या लाटीसारखा वाकत होता हो! ठोकून ठोकून तो पुन्हा कडक होतो, मग पुन्हा साबण, पुन्हा बत्ती. तीन वड्या गेल्या माझ्या. मीच दिल्या पुढच्या दोन, खोटं कशाला सांगू.

मग खोलगट आकार द्यायला त्यांना खाली आधार पाहिजे होता. वाळूचं पोतं होतं, पण त्यानं भागेना. त्यांना लाकडाचा ओंडका हवा होता, जाडजूड, मधे वाटीसारखा खळगा कोरलेला, त्यात पत्रा धरून लाकडी मोगरीनं ठोकायचा. आता असा ओंडका कुठे मिळतो... ते येतेच त्याच्यावर.

आठ दिवस ठक ठक, ठक ठक. कोपऱ्यावरच्या काकूंनी सोसायटीकडे तक्रार करायची भाषा केली. पण त्यांचेच यजमान खुर्ची टाकून बघत बसलेले! अण्णांनी नाकाचे दोन भाग केले, डावा आणि उजवा, मधला जोड आर्गन वेल्डिंगनं करून आणला, कारण अ‍ॅल्युमिनियमला साधं वेल्डिंग चालत नाही. कड तार घालून वळवली. क्लँपखाली रबरी बुश बसवले, म्हणजे थरथर पत्र्यापर्यंत पोचायलाच नको. आणि पुठ्ठ्यावरून त्यांच्या लक्षात आलं की काच थोडी उभी आणि दोन बोटं वाढवली तर ह्याच्या उंचीला वारा कमी लागेल. हे त्या सगळ्या मित्रांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. धाकटा दिवसभर पत्रा धरून बसायचा. आजोबा-नातू आठ दिवसांत जेवढं बोलले, तेवढं मागच्या आठ वर्षांत बोलले नसतील. आजींना मात्र जरा राग आला. मला म्हणाल्या, “माझ्याशी बोलताना ह्यांना ऐकू येत नाही, पत्र्याशी बोलताना बरं येतं.”

बसवलंय आता. छान दिसतं हो, अगदी घरच्या मुलीच्या नाकासारखं. भाऊजींनी दहा पावलांवर उभं राहून नंबरप्लेट वाचली, मोठ्यानं, दोनदा. मग कागद काढून एकेक अट तपासली, आणि शेवटी काहीच सापडेना तेव्हा म्हणाले, “हॉर्न वाजव.” हॉर्नही वाजला!

एकच भांडण राहिलंय. अण्णांना ते नाक घासून काचेसारखं गुळगुळीत करायचंय. म्हणतात, ठोक्याच्या खुणा दिसल्या की कारागिराची लाज जाते. आणि धाकटा म्हणतो, त्या खुणाच तर हव्यात, तांबट आळीतल्या घंगाळावर मठारकाम असतं तशा. परवापासून दोघं बोलत नाहीत. म्हणजे अण्णा आधीही बोलत नव्हतेच, पण आता रागावून बोलत नाहीत, ते वेगळं कळतं.

आणि आमच्याकडे नवंच. हे काल जेवताना म्हणाले, “आपल्या चेतकला बसेल का गं तसलं काही?” मी म्हटलं, अहो, स्कूटरला पुढे जन्मतःच पत्र्याचा पदर असतो, आणखी काय झाकायचंय तिचं? तर गप्प बसले. पण सकाळी माझी साबणाची वडी जागेवर नव्हती...

अहो, अहो, निघालात कुठे? मागच्या अंगणात? थांबा ना जरा! ऐका तर खरं. तो तुमचा मागच्या पावसाळ्यात पडलेल्या आंब्याचा ओंडका... तुम्ही नव्हतात, फोन लागेना, आणि अण्णा भिंतीपाशी येऊन नुसते उभे राहिले हो. चौऱ्याऐंशीचा माणूस. मीच म्हटलं, न्या. मधे खळगा पडलाय थोडा. वाटीएवढा. बरं, परातीएवढा. पण अगदी सुबक कोरलाय, तुम्ही बघाच. पाणी घातलंत तर पक्षी येतील.

रागावलात का? नाही ना? मग ती चिमट्यांची डबी तेवढी इकडे द्या.